नातं : खालीलपैकी एक निवडा

गावात रेंज होती फक्त पंचफुलामावशीच्या स्लॅबवर.
आमच्या टिनाखाली फोन नुसता गोल गोल फिरायचा.
म्हणून दारव्ह्याच्या टॉवरकडे तोंड करून, वर हिरवी जाळी बांधून,
तिच्याच शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून
मी पुण्यातल्या एकशे ब्याऐंशी लोकांच्या सुट्ट्या सांभाळायचे.

एप्रिलात दहा वाजताच
लॅपटॉपचा पंखा धापा टाकू लागे.
मावशी ओला दुपट्टा पिळून आणायची,
"बुडाखाली ठेव त्याच्या. तापलं लेकरू."

सुकांत पात्रा, ताप, चौदा दिवस, रिपोर्ट सोबत जोडला आहे.
झरीन मुल्ला, वडील, तीन दिवस.
झरीन मुल्ला, आई, तीन दिवस.
मी 'मंजूर'वर बोट ठेवायचे,
खाली कोणीतरी हातपंप हापसत असायचं.

घरचे म्हणत, घरीच त हायेस, सुट्टीच हाये मंग,
थोडे गहू निवडून घे.
ऑफिस म्हणे, घरीच तर आहात, मग सुट्टी कशाला?
आणि मी पाय पोळू नयेत म्हणून
युरियाच्या रिकाम्या पोत्यावर उभी.

मावशीला माझं काम कधी नीट कळलं नाही.
"लोकं तुले इचारून घरी रायतात?"
"हो."
"अन् तू कोणाले इचारतं?"

मीटिंग लागली की ती पिठाची चक्की बंद करायची.
गिऱ्हाइकं चुन्याच्या गोलात उभी.
"थांबा जरासे. पोरगी सायबासंग बोलून रायली."
एकदा भर मीटिंगमध्ये कोंबडा आरवला.
रेवती मॅडम म्हणाल्या, किती छान, तुमच्याकडे निसर्ग आहे.
त्या रविवारी मावशीनं त्याच निसर्गाचा रस्सा पाठवला.

ते परिपत्रक मी तिथेच टाइप केलं.
कलम चार. दुखवट्याची रजा, तीन दिवस, भरपगारी.
नातं : आई, वडील, पती किंवा पत्नी, अपत्य, सासू, सासरे.
मी विचारलं, आजी घालायची का? काका?
मॅडम म्हणाल्या, यादी लांबवू नका, लोक फायदा घेतात.
मी 'सासरे'पुढचा स्वल्पविराम काढून पूर्णविराम दिला.
मावशी बाजूलाच सरगुंडे वळत होती,
काडीवरून एकेक सोडवून सुपात टाकत.

मंगळवारी तिला खोकला. गुरुवारी यवतमाळ.
गाडीत बसताना तिनं जिन्याची किल्ली माझ्याकडे फेकली,
लांबूनच, हात लागू नये म्हणून.
"वरतं जात जाय. मी नसली म्हून का झालं."

रविवारी फोन आला.
तिला गावात आणलंच नाही.
गजू सुरतेत अडकलेला. त्यानं व्हिडिओवर पाहिलं,
चार मिनिटं. मग रेंज गेली.

सोमवारी नऊला मी कुलूप काढून वर गेले.
मशीनवर धूळ नव्हती, चार दिवसांत बसणार तरी किती.
सुपातले सरगुंडे कडक वाळले होते,
मुंग्यांनी कडेकडेनं रांग धरलेली.
अर्ज उघडला. मीच केलेली ती खिडकी, तीच नावं.
वरून खाली, खालून वर.
'इतर' मीच ठेवलं नव्हतं.

मग किरकोळ रजा निवडली. दोन दिवस.
कारण : रेंज नाही.
लिहिताना कोपऱ्यात सगळ्या कांड्या भरलेल्या होत्या.

सात मिनिटांत मंजूर झाली.
काळजी घ्या, असंही आलं खाली, आपोआप येतं ते,
ते वाक्यही मीच बसवलेलं.

खाली उतरले तर जिन्याखाली, चक्कीपाशी
कोणीतरी दोन पायल्या ज्वारी ठेवून गेलं होतं.
त्याला अजून कळलं नसावं.
डब्यावर नाव नाही, नुसती दोरी बांधलेली.

दहा वाजले होते. तिकडे मीटिंग सुरू झाली असणार.
मी पट्टा चढवला,
चक्की लावली.