कोरडी नळी

तुझी नळी वाकडी आहे, बुरुल म्हणाली,
फाटकात उभं राहूनच. पाळणा पाठीवर घेऊन आली होती,
चेहऱ्यावर बिघडलेलं घड्याळ परत करायला आल्याचा भाव.

मी नारिनचा सुतार. एकतीस वर्षं पाळणेच करतोय.
इथे बाळाला पाळण्यात बांधून निजवतात
आणि दोन पायांमध्ये एक लाकडी नळी बसवतात,
शुमोक म्हणतात तिला. मुलाची वेगळी, मुलीची वेगळी.
खाली मडकं. बाळ रात्रभर कोरडं, आईला जरा झोप.
एवढाच माझा धंदा.

नळी काढली. डोळ्याला लावून आभाळाकडे पाहिलं.
सरळ.
भांडंभर पाणी ओतलं. थेंब न थेंब खाली.
मग सवयीनं नाकाशी नेली,
तर लघवीचा वासच नाही.
आठवडाभर वापरलेली नळी
आणि रंध्याखालून आत्ताच निघाल्यासारखा
आर्चाच्या लाकडाचा वास.

मडकं?
कोरडं. पण दुपटं वरून भिजतं.
वरून म्हणजे?
पोटावरून, ती म्हणाली, आणि आवाज उतरला तिचा.

त्यांच्या घरी उलकाननं पट्टे सोडले.
नाळ पडून नऊ दिवस झालेले,
तरी बेंबी लाल, ओली,
छाटलेल्या फांदीच्या डोळ्यासारखी.
बेंबीच्या देठापासून रडतं मूल, असं म्हणतात ना,
कुबात खरोखरच तसा रडला,
आणि रडण्यासरशी त्या देठातून
एक स्वच्छ थेंब वर आला, थरथरला, कुशीवर ओघळला.

तेमीरच्या गाडीनं डोलोनची खिंड ओलांडली.
मे महिना, तरी बर्फ.
उलकान दर तासाला एक घडी बदलायची
आणि काचेवरच्या वाफेत बोटानं रेघ ओढायची.
बिश्केकला पोचलो तेव्हा सात रेघा,
दोन पुसट.

डॉक्टर तोकोयेवांनी एक्स-रेच्या पाकिटावर चित्र काढलं.
ही पिशवी. ही बेंबी. पोटात असताना
दोघींमध्ये एक वाट असते,
जन्माआधी ती आपली आपण बुजते, दोरीएवढी उरते.
याची बुजली नाही, कारण हे बघा,
खाली, लघवीच्या खऱ्या वाटेत,
पापुद्र्याचा एक पडदा आहे.

मग ते वरचं भोक बुजवा, बुरुल म्हणाली.
आधी खालचं उघडू, डॉक्टर म्हणाल्या.
वरचं मिटलं असतं ना,
तर दोन्ही मूत्रपिंडं...
वाक्य त्यांनी सोडून दिलं.
मी पिंपं जोडलेली आहेत. दोन्ही बुचं ठोकलेलं भरलेलं पिंप
कुठल्या फळीत आधी फुटतं, मला माहीत आहे.

सगळेजण दहा दिवस ज्याला खोट म्हणत होतो,
पुसत होतो, हळद लावत होतो, फडक्यानं दाबत होतो,
त्या फटीनं पोर जगवलं होतं.
दाबत होतो. हे मला अजून रात्री आठवतं.

पडदा जूनमध्ये काढला, बेंबी शिवली सफरचंदं उतरताना.
डावं मूत्रपिंड लहानच राहील म्हणतात.
दर तीन महिन्यांनी डोलोन.

पहिल्या रात्री उलकाननं अख्खं घर उठवलं.
मलाही निरोप, पलीकडच्या गल्लीत, थंडीत.
दिवा नको, ती म्हणाली, नुसतं ऐका.
आम्ही पाच माणसं अंधारात उभी.
बराच वेळ काही नाही.
मग नळीतून, सरळ, मडक्यात
टप्. टप्. आणि मग धार.

कोणी बोललं नाही.
वाकडी म्हटल्याबद्दल बुरुलनं कधीच माफी मागितली नाही.
दुसऱ्या दिवशी येऊन एवढंच म्हणाली,
मडकं जरा मोठं हवं होतं.