कामाचा चाकू

मिटला की माझ्या करंगळीएवढा.
बंडीच्या आतल्या खिशात, करदोड्याला सुतळीनं बांधलेला,
कारण पन्हेरीत एकदा पडला तर
जंबेरीच्या लाख रोपांत चाकू हुडकणं म्हणजे
काटे मोजत बसणं.

उकंडा बोबड्यानं दिला, त्याचे हात थरथरायला लागले त्या साली.
दिला म्हणजे विकला, साठ रुपयांना,
वर एक अट फुकट:
यानं संत्रं कापायचं नाही, लिंबू तर नाहीच.
आंबट लागलं की पात्याची नजर जाते.
सुपारी नाही, सुतळी नाही,
पायातला काटासुद्धा नाही.
काट्यासाठी पंचफुलाकडं बाभळीचा काटा असतो.

माघातल्या सकाळी दव उतरायच्या आत आम्ही वाफ्यात.
मी पुढं, वाकलेला. मागं पंचफुला,
कमरेला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा झुपका.
जमिनीपासून वीतभर वर एक आडवी चीर, एक उभी.
पेन्सिलीएवढं खोड, त्यात पातं किती जावं
हे मला कुणाला शिकवता आलं नाही.
साल संपते तिथं हात थांबतो,
अंधारात शेवटच्या पायरीवर पाऊल थांबतं तसा.
मग चाकूच्या शेपटाकडची हाडाची जीभ,
साल उचलायची,
झोपल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण उचलावं तशी,
आणि गोड झाडाचा डोळा आत.
पट्टी.
पुढचं.
दिवसाला हजार, दिवस बरा असला तर अकराशे.
पंचफुला म्हणते, "भाऊ, तुमच्या कंबरेले बांधा एखादा डोळा,
थेही नवी फुटन."

मागच्या बुधवारी अमरावतीला गेलो, कचेरीत.
पोरीच्या दाखल्यावर आडनावात एक काना जास्त पडला होता.
दारातल्या चौकटीनं किंकाळी मारली.
"खिशात काय हाय?"
"चाकू."
रांग एक पाऊल मागं सरली.
आत्ताच "सरका हो दादा" म्हणालेल्या बाईनं
पिशवी छातीशी धरली.
"कामाचा हाय साहेब. डोळ्याचा."
हे बोलायला नको होतं.

गार्डनं सुतळी सोडायला लावली.
पातं उघडून बोटांनी मोजलं, तीन बोटं भरलं.
ड्रॉवरमध्ये एक लायटर होता, एक कैची, चुन्याची डबी,
त्यांच्यात टाकलं.
तीन तास मी त्या इमारतीत
छाती चाचपत फिरलो,
लोकांना वाटलं असेल, याला काही दुखतंय.
काना निघाला नाही. सोमवारी या म्हणाले.
तो खरवडायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

परत आलो तर खुर्चीत गार्डचा डोळा लागलेला.
टेबलावर पेपर, पेपरवर आडवं कापलेलं संत्रं,
आणि माझा चाकू उघडा, रसात.
संत्र्याला चाकू! आमच्याकडं रांगतं लेकरू हातानं सोलतं.
पण हाताशी पातं आलं की
माणसाला काहीतरी कापावंसं वाटतंच.
तो दचकून उठला, पँटीला पुसून दिला.
"धार मस्त हाय काका. संत्रं मोर्शीचं होतं, माह्या गावाकडलं."
आणि उरलेली अर्धी चकती माझ्या हातावर ठेवली.
गोड होती.
त्याचाच राग जास्त आला.

रात्री निसण्यावर पाणी टाकून बसलो.
बायको म्हणाली, निजा आता.
नखावर धार टेकवली, घसरली. पुन्हा पाजवला.
पुन्हा घसरली.
तिचा डोळा लागला, माझा नाही.

सकाळी पहिल्या चार रोपांची साल फाटली.
पाचव्याची नाही.
त्या ओळीच्या टोकाला मी लाल चिंधी बांधली आहे,
एकवीस दिवसांनी पट्ट्या सोडू
तेव्हा हिरवे किती, काळे किती, ते मला कळावं म्हणून.
मालकाला सांगितलं नाही.
पंचफुलानं चिंधी पाहिली,
काही विचारलं नाही,
त्या ओळीच्या पट्ट्या तेवढ्या
जरा घट्ट ओढल्या.