एकेरी

आरब्रोथच्या बंदरावर माशांना धुरी देतात.
तो वास कोटाला धरून राहतो, जिना चढून वर येतो.
मोराग म्हणते, बरंय,
कुणीतरी येतं घरापर्यंत.

चोपन्न वर्षांची आहे ती.
दुकानातली पोर, दातांचा डॉक्टर, बसचा ड्रायव्हर,
सगळे तिच्याशी एकेरीत बोलतात,
आणि तेही माझ्याकडे बघून:
साखर घेते का ही? पावती हवीय का हिला?
पलंग एकेरी. खुर्ची एक, आणि एक घडीची, भिंतीला टेकवलेली.
बसचं तिकीट तेवढं दुहेरी,
जाऊन येण्याचं.

आज फॉर्म भरायचा होता. वर्षातून एकदा येतो.
कागदावर तीन वर्तुळं, एकात एक,
पाण्यात खडा पडल्यासारखी.
मधोमध तू. भोवती जिवाभावाची माणसं.
मग मित्र. मग नुसते ओळखीचे.

तिने पेन मुठीत धरलं,
जिभेचं टोक दातांत,
आणि आतल्या वर्तुळात लिहिलं: आयलीन.
म्हणजे मी. ताशी बारा पौंड.
मग ब्रायोनी, रात्रपाळीची.
मग डेरेक, जो मागच्या मार्चमध्ये डंडीला गेला
आणि पत्ता पाठवणार होता.
मग औषधाच्या दुकानातली बाई. नाव माहीत नाही,
म्हणून तिचा चष्मा काढला.

भाऊ? मी विचारलं.
त्याला तिने कागदाच्या कडेला लिहिलं, वर्तुळांच्या बाहेर.
"त्याला जागा लागते. मुलं आहेत ना त्याला."
भाचीच्या लग्नाचा फोटो पोस्टाने आला होता.
फ्रेम तिने स्वतःच्या पैशांनी आणली.

मित्रांचं वर्तुळ रिकामंच.
बाउलिंगमधली फियोना लिही की, मी सुचवलं.
"फियोनाची गाडी वेगळी, माझी वेगळी.
आम्ही बोलायला लागलो
की गाड्या येतात."

मी येत्या गुरुवारी ही नोकरी सोडते आहे.
शेवटच्या दिवशी सांग, मॅनेजर म्हणाले,
आधीपासून कशाला तिच्या जिवाला घोर.
फॉर्मच्या मागे सूचना आहेत, बारीक अक्षरात.
याबद्दल काही नाही.

सही करता करता ती थांबली.
"तुझ्या कागदावर मी कुठे आहे?"

माझा कागद नाही, मी म्हटलं.
आम्हाला भरावा लागत नाही.

ती रागावली नाही.
कागद उलटा केला, सूचनांच्या खाली
थोडी कोरी जागा होती, तिथे
एक वर्तुळ काढलं, वाकडं, टोकं न जुळलेलं,
आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

पाच वाजून गेले होते. पाळी संपली होती.
पेन तिच्या मुठीने गरम झालं होतं.
कोटाची एक बाही मी घातली होती,
दुसरी
तशीच लोंबत राहिली.