बाटली क्रमांक एकशे सतरा

शीतपेयाची जुनी बाटली,
झाकणावर मेणकापड, सुतळीच्या तीन गाठी,
आणि वहीच्या कागदावर कुणा पोराचं अक्षर:
गुंफाबाई तायडे, बोअर, दीडशे फूट.
खाली आणखी एक ओळ,
जिच्यासाठी आमच्या अर्जात रकाना नाही:
या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही.

मी दर्यापुरात बाटल्या धुतो, नंबर टाकतो,
कांडी बुडवून यंत्राचे आकडे उतरवतो.
पूर्णेच्या दोन्ही काठांचं पाणी
माझ्या टेबलावर ओळीनं उभं असतं,
सगळं सारखंच नितळ.
नितळपणावर माझा विश्वास
नोकरीच्या पहिल्या महिन्यातच उडाला.

एकशे सतरा: वाहकता तीन पूर्णांक नऊ,
सामू साडेआठच्या वर, सोडियम भरपूर.
शेऱ्याचा रबरी शिक्का तयार असतो:
भाजीपाल्यास अयोग्य.

गुरुवारी ती स्वतःच आली,
ओट्यात ढेकूळ बांधून, जसं कुणी नातू आणतं दाखवायला.
कागद उलटा धरला, सुलटा धरला.
"अयोग्य म्हंजे? त्याले जाय म्हनू का आता?"

मग शेत सांगू लागली.
घेवडा दोन पानांवर आला अन् बसला.
गाजर बोटाएवढं, तेही दुभंगलेलं.
सांबार उगवला तो जागोजागी टक्कल ठेवून.
वांग्याच्या पानाले कडेकडेनं जळकी गोट,
जशी चुलीपाशी पदराले लागते.
पालक तेवढा निगरगट्ट, बीटही.
"अन् पानी देल्लं का वर तळं, खाली कोल्ली.
दोन दिसानं पाय ठेवला तं पपडी वाजते,
पापडावानी."

मी ढेकूळ पाण्यात टाकलं.
ते फुटलं नाही, विरघळलंही नाही,
त्याच्याभोवती दुधासारखा धूर पसरत गेला.
चोपण, मी म्हणालो.
हा सोडियम कणाकणांत शिरतो,
त्यांनी धरलेले हात सोडवतो.
नावातच सोडणं आहे त्याच्या.
जिप्सम टाका, शेणखत टाका,
शेततळ्याची एक पाळी, बोअरची एक पाळी.
ती ऐकत होती, पण माझ्याकडं नाही,
टेबलावरच्या बाटल्यांकडं बघत.

नियम सातवा भिंतीवर लावलेला आहे:
नमुना तोंडात घेऊ नये.
तिनं वाचला नाही.
करंगळी बुडवून एकेक चाखत गेली.
"हे आमच्याहून खारट. हे नदीच्या वरल्या अंगाचं.
हे कडू हाय, खारट नाई, यात मुळा लावा म्हना, नोको गाजर."
मी नोंदवहीत बघत होतो.
एका ठिकाणी चुकली, तेही पाव आकड्यानं.

कोपऱ्यातल्या मोठ्या बाटलीपाशी थांबली.
"हे कोन्या गावचं?"
गावचं नाही, मावशी, यंत्रात उकळून धरलेलं,
शुद्ध.
तिनं तोंड वाकडं केलं.
"मंग यात काय उगवन? ना धड खारं, ना गोडं.
कोनाचंच नाई हे."

जाताना कागदाच्या घड्या केल्या, चोळीत खोचला,
आणि पिशवीतून चार भेदरं काढून ठेवली.
लिंबाएवढी. साल जाड, चिरताना सुरीला अडणारी.
"वजनात भरत नाई. बाजारात कोनी इचारत नाई.
खाऊन पाह्य मात्र."

जेवणाच्या सुट्टीत खाल्लं.
इतकी गोडी, की पहिल्यांदा शंका आली.
तहानलेलं झाड पाणी ओढू शकत नाही
तेव्हा फळात साखर घट्ट होत जाते,
हे मला पुस्तकातून माहीत होतं.
दातांना माहीत नव्हतं.
अहवाल पुन्हा काढला, वरखाली बघितला.
गोडीचाही रकाना नाही.

बाटली तिनं परत मागून नेली,
तेल आणायला लागते म्हणाली.
ती उभी होती तिथं टेबलावर
एक पांढरं कडं उरलं, ओल्या फडक्यानं न गेलेलं.
संध्याकाळी दार लोटून घेतलं,
नखानं थोडं खरवडलं,
भिंतीकडं पाठ केली
आणि जिभेवर ठेवलं.