बावीस की तेवीस

ओटाकारच्या घरातून माझ्याकडे आल्या त्या वस्तू:
खाणीतला एक दिवा,
जिन्यावरून उतरवताना तडा गेलेली काचपेटी,
आणि पेटीत ती.
सोबत बुटाच्या खोक्याचं झाकण.
त्यावर पेन्सिलीनं: हॅम्बुर्ग, २०१३. मिशीवाला. द. अमे.
बस. एका जिवाचा सातबारा एवढाच.

शनिवारी ओपावाहून लुबोर आला.
जन्मभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस,
भिंग घेऊन, आणि बायकोची विणायची सुई.
सुईचं टोक न टेकवता हवेतच मोजत गेला
तिच्या पाठीवरची खोगिरं,
कॉफीच्या रंगाची, कडेनं काळी,
मधेच एखादं वटवाघळानं पंख पसरावेत तसं.
बावीस, म्हणाला.
मी मोजली तर तेवीस.
शेपूट सुरू होते तिथलं एक अर्धवट आहे.
ते पाठीचं की शेपटीचं,
यावर आमची पहिली कॉफी संपली.

खोगिरं म्हणतात, कोलंबिया.
शेपूट म्हणते, छे, सुरीनाम,
आणि भाजक्या विटेसारखी लाल होऊन दाखवते.
लुबोरनं भिंग पुसून खिशात टाकलं.
"हिच्यात आधीच कुणीतरी मिसळलंय," म्हणाला,
"हिच्या आईच्या वेळी. नाहीतर आजीच्या."
दुधात पाणी आहे हे सांगावं, तशा आवाजात.

ऋषीचं कूळ विचारू नये, नदीचं मूळ विचारू नये.
सापाचं मात्र विचारतात,
आणि उत्तर चिठ्ठीवर छापतात, किमतीच्या वर.

दुसऱ्या कॉफीला त्यानं स्थळ आणलं.
फ्रीडेकला एक नर आहे, पाच वर्षांचा,
खाण्यापिण्याची तक्रार नाही, कागदपत्रं चोख.
पत्रिका जुळवायची तर हिची पत्रिकाच नाही, मी म्हटलं.
"सुरीनाम लिहून टाका. कोण तपासतंय?"
आणि त्यानं साखर नसलेली कॉफी
बराच वेळ ढवळली.
तेव्हा कळलं, यानं हे आधी लिहिलेलं आहे.

खोटं कशाला बोलू, तीन रात्री मी ती पिल्लं पाहिली.
अजगरासारखी अंडी नाही घालत ही,
थेट पिल्लंच देते, ओली, गुंडाळलेली, पंचवीस तरी,
पहिल्याच तासात चावायला तयार.
न्हाणीघरात डबे कसे लावायचे तेसुद्धा ठरवलं.
या घरात शेवटचं काही जन्मून आलं
त्याला आता पस्तीस वर्षं होतील; ती डब्लिनला असते.
पंचवीस पिल्लं.
पंचवीस घरी पंचवीस चिठ्ठ्या,
माझ्या अक्षरात, त्या देशाच्या नावाच्या
जो मी नकाशातसुद्धा दोनदा शोधला.

फार काही करावं लागत नाही म्हणे.
रात्रीची ऊब तीन-चार अंश उतरवायची,
तिला वाटतं ऋतू पालटला.

मंगळवारी तिनं कात टाकली.
नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, उलटा मोजा काढावा तशी.
टेबलावरच्या दिव्याखाली धरून मी पुन्हा मोजलं.
कातीवर खोगिरं दिसतात, पुसट,
लाल मात्र उतरत नाही.
लाल ती स्वतःकडे ठेवते.
आणि ते अर्धवट खोगीर नेमकं घडीत आलं.

बाहेर उणे सहा. ट्रामच्या तारांवर ठिणग्या.
ऊब होती तिथेच राहू दिली.
लुबोरला फोन केला, तो बरं म्हणाला,
मग हवामानाबद्दल बोलला.

झाकणावर, ओटाकारच्या पेन्सिलीखाली, मी शाईनं लिहिलं:
अधिक माहिती नाही.
उंदीर, मोठा, पंधरवड्यातून एक.
चावत नाही.
तारीख घातली, सही केली,
माझ्यानंतर जो कुणी जिन्यावरून पेटी उतरवेल त्याच्यासाठी.

विणायची सुई इथेच राहिलीय.
त्याची बायको शोधत असेल.