दोनशे एकोणपन्नास ग्रॅम

सराफ कट्ट्यावर शहांच्या दुकानात
पिशवीतून काढून मी ते काट्यावर ठेवलं,
तेव्हा पाटल्या बघत बसलेल्या बाईनं
आपला हात मागं घेतला.
दोनशे त्रेपन्न पूर्णांक दोन.
शहांचा मुलगा म्हणाला,
घट किती धरू, शैलाताई?

नंबर सगळ्यांनाच,
पण परवाना अडीचशे ग्रॅमच्या पुढं.
म्हणजे तीन ग्रॅम आणि वर चिमूटभर,
एवढंच माझं आभाळात जास्त होतंय.

घरी येऊन कानस घेतली.
पाय अर्ध्यावर कापले,
चार स्क्रूंच्या जागी दोन,
तारांची शेपटं छाटली.
मोटारी मीच गुंडाळलेल्या, मिरजेत,
अप्पांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात,
जिथं अजून विहिरीवरचे पंप येतात
जळक्या वार्निशचा वास घेऊन.
एकेकीचे वेढे मला तोंडपाठ.
फॉर्मवर रकाना होता: उत्पादक.
मी लिहिलं, शैलजा कोष्टी.
लाल अक्षरांत उत्तर आलं:
यादीत नाही.

हरिपूरच्या संगमाजवळ, गवत आडवं पडतं तिथं,
रविवारी आम्ही पाचजण जमायचो.
ढवळे सरांनी त्यांचं माळ्यावर टाकलं.
पेन्शन खातोय, म्हणाले, आता या वयात गुन्हा नको.
आठवले डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच रात्री नंबर घेतला,
सुबक चिकटवला,
आणि आता त्या उडवत नाहीत,
खरवडेल म्हणून.
मैनुद्दीन म्हणाला, कुणाला कळतंय?
आणि बांधावरून मोटारसायकल आली.

हवालदार माळवदे.
रात्री आभाळात दिवे दिसतात म्हणून
चार गावं काठ्या घेऊन जागी आहेत,
आणि तुम्ही इथं खेळताय होय?
त्यांनी माझं यंत्र उचलून उलटं केलं,
मांजराचं पिल्लू
नर की मादी बघतात तसं.
नंबर कुठाय?

मी म्हटलं, परवा त्या वरातीवर चार होती,
घोड्याच्या डोक्यावर घोंघावत.
एकालाबी नंबर नव्हता.
ते म्हणाले, ती वर होती.
तू खाली सापडलीस.

मग मोबाईलवर नकाशा उघडला,
झूम केला, लांब धरला, चष्मा शोधला.
हे पिवळं म्हंजे काय गं?
मी सांगितलं.
आणि हे हिरवं?
तेही सांगितलं.
वीस मिनिटं उन्हात उभी राहून
मला ज्यात पकडायचं
तो कायदा मी त्यांना शिकवला.
पुढच्या रविवारी नंबर दाखव, म्हणाले,
आणि जाताना, जरा ओशाळून,
कितीला पडतं गं असलं एक?
पोरगं लई मागं लागलंय.

आमच्या मागच्या गच्चीवर
दस्तगीरचाचांची शर्यतीची कबुतरं.
पिल्लू सात दिवसांचं झालं की पायात कडी,
नंतर पंजा मावत नाही.
मी विचारलं, पोलीस बघतात होय ती?
चाचा ज्वारी टाकता टाकता थांबले.
पोलीस कशाला? हरवलं तर कुणीतरी फोन करतं.
एकदा सोलापूरहून आलेला.
दमलंय म्हणे तुमचं, पाणी पाजलंय.

त्या रात्री पुन्हा फॉर्म उघडला.
खालच्या एका बारीक ओळीत होतं:
स्वतः बनवलेले.
आधी दिसलंच नव्हतं,
किंवा रागात मी खाली गेलेच नव्हते.

नंबर आला. पत्र्याच्या पट्टीवर कोरला,
नखाएवढी पट्टी,
पोटाखाली बसवली.
कुणाला सापडलं, तर निदान पाणी पाजतील.

पुन्हा सराफ कट्टा.
पट्टीशिवाय दोनशे एकोणपन्नास पूर्णांक सहा.
पट्टीसकट
दोनशे पन्नास पूर्णांक एक.

शहांचा मुलगा या वेळी हसला नाही.
एकदा आकड्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.
थांबा, म्हणाला, वाऱ्यानं वजन हलतंय,
आणि उठून पंखा बंद केला.

आम्ही दोघं मान वर करून उभे,
पाती थांबायची वाट बघत.