कूलर

नवी पेठेत बोद्धूलच्या दुकानात
यादी चौथ्यांदा खोडली.
प्रोसेसर ठरला. ग्राफिक्स कार्डाने
दोन पगार गिळले.
काचेचं कॅबिनेट मीच नको म्हटलं,
आमच्या गल्लीत धुळीआधी
सुताचे तंतू बसतात.

"कूलर कुठला?"
बाहेर त्रेचाळीस.
अप्पा तोवर गप्प. चाळीस वर्षं मागावर,
डावा कान गेलेला.
त्यांनी एकेक पंखा लावून बघायला सांगितला,
उजवा कान अगदी जवळ नेला,
तिसऱ्यावर बोट ठेवलं:
"ह्याचं बेअरिंग बोलत नाही."

तोच नेमका महाग.
एसएसडी निम्मी केली, घेतला.

रिक्षात खोकं मांडीवर धरून म्हणाले,
"एवढा तापतो म्हणतेस, पोरी,
म्हणजे कामाचा असणार."